टोक तुझ्या हाताशी

५ जानेवारी

ताई,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ठीक. बाबांच्या फोनवरून केला तर माझा श्वास ऐकूनच ठेवून देतेस, तेही ठीक. पण पोस्टमनला कशी ब्लॉक करशील?

न वाचता फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं ऐक: पाकिटात झुरळ नाही. रबराचंसुद्धा नाही. आत्याची शपथ.

बातमी अशी की मी क्रोशाने विणायला शिकतेय. हसलीस? बाबा तर चहा नाकातून येईपर्यंत हसले. लाँड्रीतले काका म्हणाले, "तुझ्या हातात टोकदार वस्तू कोणी दिली?" आत्याने दिली. तिची ती स्टीलची सुई, मधे बोटांनी झिजून चपटी झालेली. तिच्या बोटांत आता ती राहत नाही. सांधे इतके धरलेत की कप दोन्ही हातांनी उचलते. ते तुला माहीत आहे, पण आता जास्त झालंय, ते माहीत नसेल.

तुमच्या ऑफिसच्या त्या कार्यक्रमाबद्दल मी एकदाच लिहिणार आहे, कारण माझी बाजू तू ऐकलीच नाहीस. तू पहिल्या रांगेत, आत्याने विणलेला बाटलीहिरवा स्कर्ट घालून. मी बरोबर तुझ्या मागे. घेराखाली दोऱ्याचं टोक लोंबत होतं. मला वाटलं, हे खुर्चीच्या पायाला बांधलं तर तू उठल्यावर एक हिसका बसेल, तू वळून डोळे वटारशील, मी साळसूद चेहरा करीन. आपलं नेहमीचं. आत्याला अजून दोन ओळी वाढवायच्या होत्या, म्हणून तिने शेवटचा टाका बंदच केला नव्हता, नुसती सेफ्टी पिन लावली होती, हे मला काय माहीत? तुझं नाव पुकारलं. तू निघालीस. हिसका बसलाच नाही. पिन उघडली, तू पुढे चालत राहिलीस आणि स्कर्ट मागे मागे राहायला लागला. पायऱ्या चढलीस, बक्षीस घेतलंस, दुसऱ्या बाजूने उतरलीस, आणि तुझ्या मागे सभागृहभर हिरवी रेघ. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

अकरा ओळी गेल्या. मी नंतर मोजल्या.

घरी आल्यावर तू स्कर्ट माझ्या मांडीवर फेकलास. "घे, राहिलेला पण उसव," म्हणालीस. पुढच्या आठवड्यात बदली मागून निघून गेलीस. अकरा ओळींना अकरा महिने झाले.

आता माझं मागणं. बाबा सांगत होते, वीस मार्चला तुमचा कार्यक्रम आहे, आणि या वेळी तू पाच मिनिटं बोलणार आहेस. मी स्कर्ट पुन्हा विणतेय, त्याच दोऱ्याने. उरलेल्या भागाला कपाटात उंदराने तोंड लावलं, म्हणून तोही उसवावा लागला. वीस तारखेला तू तो घालून स्टेजवर चढायचंस. बस्स. माफ कर असं म्हणत नाही. नुसता घाल.

तुझी
काडी

१९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही आलं. चालेल. पत्र परत पण नाही आलं, म्हणजे फुकटात ऐकून घेतेयस.

आत्याच्या वहीत सगळं आखूड लिहिलंय. सा म्हणजे साखळी. खां म्हणजे खांब. मु म्हणजे मुका खांब, तो बुटका टाका. परवा आत्या म्हणाली, "आता इथे एक मुका." मी उठले आणि तिच्या गालाचा घेतला.

"मेले, मुका खांब!"

"खांबाचा घेऊ? बाहेर विजेचा आहे."

तिने चष्मा फेकून मारला. हात दुखतात म्हणे! मग हसून झाल्यावर मी विचारलं, "याला मुका का म्हणतात गं?" तर म्हणाली, "दिसत नाही, बोलत नाही. पण त्याने धरून ठेवलेलं सुटत नाही." मला लगेच एक व्यक्ती आठवली. नाव लिहीत नाही, पाकिटावर लिहिलंय.

प्रगती सांगते. वहीत जेवढे टाके तेवढे मोजून घातले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आठवडाभर मान मोडली. तयार काय झालं माहितीये? उशीचा अभ्रा. खरंच, उशी घालून बघितली, मस्त बसली.

आत्याने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "हे टाके आहेत की खिळे?" तेव्हा कळलं. वहीत टाके लिहिलेत, इंच नाहीत, आणि ते टाके आत्याच्या हाताचे. तिचा हात सैल. माझा हात म्हणजे मारामारी. मी दोरा असा ओढते की तो पळून चाललाय. काकांनी आणखी एक चूक काढली: उसवलेला दोरा कुरळा असतो, तसाच विणला तर टाके वाकडेच येणार. त्याच्या लडी करून भिजवल्या, खाली बंद पडलेली जुनी इस्त्री बांधली आणि दुकानामागे टांगून ठेवल्या. गिऱ्हाईक विचारतात, हे काय? मी सांगते, शिक्षा झालीये त्याला.

सगळं उसवलं. पुन्हा पहिल्यापासून. उसवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

काडी

६ फेब्रुवारी

ताई,

शोध लागला! शाळेत गणितात मला पस्तीस पण पडले नाहीत, आणि हे मी शोधलंय, हे त्या बाईंना कोणीतरी कळवा.

सुई एकच आहे. जाड सुईने सैल विणता येतं, बारीक सुईने घट्ट, पण आपल्याकडे एकच. मग टाका सैल-घट्ट करायचा कसा? तर परवा बाबांच्या पहिल्या मुलाखतीचा किस्सा निघाला. तुला माहितीये का, बाबा साहेबांच्या खोलीत शिरले आणि घाबरून म्हणाले, "बसू का, आई?" साहेबांना! मिशीवाल्या! मी इतकी हसले की सुई हातातून पडायला आली. हसता हसता अर्धी ओळ घातली होती. आत्याने पट्टीने मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. ती अर्धी ओळ सैल, एकसारखी, मऊ. अगदी तिच्या हातासारखी.

म्हणजे हसले की माझा हात सुटतो, चिडले की आवळतो.

आता आमची पद्धत अशी: मी विणते, आत्या समोर बसून घेर जिथे मोठा हवा तिथे हसवते. रोज तिच्याकडे किस्से कुठून येतात देव जाणे. काही खोटे आहेत, मी पकडते, पण हात सैल पडतो म्हणून चालवून घेते. नमुना विणून ठरवलंय: हसताना चार इंचांत अठरा टाके, साधं बसले तर वीस, भांडले तर बावीस. वहीत मी असा रकाना केलाय: हसू, साधं, भांडण. एवढी नीट वही मी दहा वर्षांत केली नव्हती.

आणखी एक. आत्या वरून खाली विणायची, कंबरेपासून घेराकडे. मी उलटं घेतलंय. खालून वर. खालची किनार लाटांची, तिथून सुरुवात. तिचं सगळं गणित मला उलटं करावं लागलं. जिथे ती टाके वाढवते तिथे मी कमी करते. दोन दिवस डोकं गरगरलं. असं का, ते स्कर्टबरोबर सांगीन.

मापं कुठून मिळवली ते विचारू नकोस. मिळाली. ताजी आहेत. तुझी कंबर एकोणतीस, बसायची बाजू अडतीस. नोकरी मानवलीये.

काडी

२२ फेब्रुवारी

ताई,

आज जे झालं ते ऐकून तुला उत्तर लिहावंच लागेल, नाहीतर तू दगड आहेस.

स्कर्ट मांड्यांच्या वर आला होता. अंदाज बघायला नुसत्या साध्या ओळींनी भराभर कंबरेपर्यंत नेला. आता घालून बघायचा कोणाला? मी म्हणजे खराटा. आत्याला फार वेळ उभं राहवत नाही. उरलं कोण? बाबा. त्यांची पँट मोजली तर पोट अडतीस! तुझ्या बसायच्या बाजूएवढं, टेपावर अगदी तेवढंच.

"मी पेपर वाचतोय," बाबा म्हणाले.

"वाचा की. उभं राहून वाचा."

पायातून वर चढवला, पोटापर्यंत आला, तिथे अडकला. एकोणतीसची कंबर अडतीसवरून जाणार कशी, हा विचार या घरात कोणालाच सुचला नव्हता. ना वर, ना खाली. मी ओढतेय, आत्या ओरडतेय "दोरा तुटेल", बाबा ओरडतायत "मी तुटेन", आणि तेवढ्यात दारात वीजमीटर बघणारा.

बाबा हिरव्या स्कर्टात, शर्ट छातीपर्यंत वर, हातात पेपर.

त्याने विचारलं, "मीटर?"

बाबांनी बोट दाखवलं.

त्याने आकडा लिहून घेतला. जाताना फक्त वळून म्हणाला, "बाजूला फट ठेवा. माझी बायको पण करते. बटणं लावायची."

ताई, आत्याला हसून हसून ठसका लागला. मला पाणी आणायचं सुचेना. किती महिन्यांनी घरात असा आवाज झाला असेल. बाबांना शेवटी साबणाचं पाणी लावून बाहेर काढलं.

तर आता डाव्या बाजूला सात इंचांची फट. तिथून पुढे गोल विणायचं नाही, एकदा इकडून, एकदा तिकडून. तीन बटणं, तुझ्या जुन्या कोटाची, मी ती कापून घेतलीयेत. तो कोट तसाही तुला आवडत नव्हता. आवडत असेल तर माफ कर. हे माफ कर कोटापुरतं आहे.

आता उरली कंबर. कंबरेला भांडण लागतं.

काडी

२ मार्च

ताई,

हे पत्र छोटं आहे. कदाचित टाकणार पण नाही.

कंबरेच्या शेवटच्या ओळी घट्ट हव्या होत्या. बावीसच्या. आत्या भांडायचा प्रयत्न करत होती. "पसारा करतेस," म्हणाली. मी म्हटलं, हो. "बारावी दोनदा बुडवलीस," म्हणाली. म्हटलं, हो, तिसऱ्यांदा पण बुडवीन. मला हसू येत होतं. ओळ सैल. उसवली. पुन्हा सैल. पुन्हा उसवली.

मग तिने खिडकीकडे तोंड वळवलं. आणि तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"उंदीर नव्हता."

माझी सुई थांबली.

"विण," म्हणाली. "थांबू नकोस. अकरा ओळी हॉलमध्ये गेल्या. राहिलेल्या चाळीस तू उसवल्यास. मोठी निघून गेली त्या दुपारी, बाल्कनीत बसून, एक-एक. मी आतून बघत होते. ते माझं शेवटचं विणलेलं होतं, काडे. मला माहीत होतं की शेवटचं आहे. म्हणूनच दोन ओळी वाढवायच्या ठेवल्या होत्या. संपवायचं नव्हतं मला."

मी विणत होते. टाके दिसत नव्हते, बोटांनीच घालत होते.

"तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

"बोलले असते तर तू पण गेली असतीस."

ती ओळ पूर्ण झाली. तिने पट्टी मागितली, स्वतःच मोजली. बावीस. मग पुढची ओळ. बावीस. सगळ्या बावीस.

"बघ, कसा घट्ट आला," आत्या म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला गेली. कप तिला दोन्ही हातांनी उचलावा लागतो, तरी माझा पण तिनेच आणला.

मला अजून कळत नाही, ती कंबरेसाठी बोलली की तिला बोलायचंच होतं. विचारायची हिंमत नाही.

उंदीर म्हणजे मी, ताई. तू म्हणालीस राहिलेला पण उसव, आणि मला इतका राग आला की मी उसवला. तुला वाटत असेल तो अर्धा का होईना, कपाटात आहे. नव्हता. वर्षभर नव्हता.

काडी

१० मार्च

ताई,

मागचं पत्र टाकलं. बाबांनी टाकलं, मी टेबलावर विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते.

हे पार्सल उघडताना घाबरू नकोस. आत फक्त स्कर्ट आहे. स्प्रिंगचा साप मी घातला होता, तो आत्याने काढला.

काकांनी स्वतः वाफेची इस्त्री मारलीये. वर ओलं फडकं ठेवून, न दाबता, नुसती वाफ. तासभर दुकान बंद ठेवलं आणि बाहेर पाटी लावली, "महत्त्वाचे काम चालू आहे." माझ्यासाठी त्यांनी आजवर फक्त "सुट्टे नाहीत" एवढीच पाटी लावलीये. झाल्यावर स्कर्ट हँगरला लावून लांबून बघितला आणि म्हणाले, "हा कुठल्या दुकानातला?" म्हटलं, बाल्कनीतला.

खोटं नाही सांगत, देखणा झालाय. खाली लाटा, गुडघ्यापाशी जरा सुटतो, कंबरेला चपखल. आतलं अस्तर बाबांनी मशीनवर शिवलंय. शिलाई वाकडी आहे, पण ती आतल्या बाजूला आहे, आणि बाबा आता मीटरवाल्याच्या नजरेला नजर देऊ शकतात.

आता खालून वर का विणला ते. वरून खाली विणलं की दोऱ्याचं शेवटचं टोक खाली घेरात येतं, मागच्या रांगेतल्या कोणाच्याही हाताशी. खालून वर विणलं की टोक कंबरेला येतं. तुझ्या हाताशी. गाठ पक्की मारलीये, तीनदा टाक्यांतून फिरवून आत लपवलंय, तरी सांगते: हा स्कर्ट आता फक्त तू उसवू शकतेस. तुझ्या मागे मी बसले असले तरी.

आणि मापं. सांगूनच टाकते, खोटं एकदा उसवायला घेतलं की पूर्ण उसवावं. फेब्रुवारीत तुझ्या ऑफिसच्या फोनवर गणवेश विभागातून एका साहेबांचा फोन आला होता ना? नाकात बोलणारे? ती मी. नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता. तू इतकी शहाण्यासारखी मापं सांगत होतीस की मला राहवलं नाही, म्हणून शेवटी टोपीसाठी दोन्ही कानांमधलं अंतर विचारलं. आणि तू सांगितलंस! "सव्वासहा, साहेब." मी रिसीव्हरवर हात ठेवून काकांच्या दुकानात लोळत होते.

सॉरी. पण सव्वासहा!

वीस तारखेला काय घालायचं ते तू ठरव. मी येणार नाही. मागच्या रांगेत नाही, कुठेच नाही. आत्या म्हणते, घातलास की नाही ते कळवू नकोस, नाही घातलास तर हिचा हात परत घट्ट होईल.

काडी

२६ मार्च

ताई!!!

आलं! पाकीट आलं! पोस्टमनने माझ्या हातात देताना विचारलं, "लॉटरी लागली का?", कारण मी त्याला मिठी मारली होती.

फोटो आत्याने पाच वेळा बघितला. पहिल्यांदा चष्म्याने, मग भिंगाने. तू माइकसमोर, एक हात वर, काहीतरी ठासून सांगतेयस, आणि खाली लाटा अशा सुटल्यात की मागचे लोक तुझ्याकडे नाही, स्कर्टकडे बघतायत. एक बाई तर मान वाकडी करून बघतेय. कंबरेला एक सुरकुती नाही. एक! मी फोटो घेऊन खाली गेले, काकांना दाखवला, तीन गिऱ्हाइकांना दाखवला, मीटरवाला रस्त्यात भेटला, त्याला पण दाखवला. त्याने बटणं मोजली आणि मान डोलावली.

आत्या कंबरेवर बोट ठेवून म्हणाली, "ही ओळ बघ. घट्ट." एवढंच. पण फोटो तिने स्वतःच्या वहीत ठेवला, मु आणि खांच्या पानात, आणि वही उशीखाली. मग म्हणाली, "आता कोणी माझं शेवटचं विणलेलं म्हणायचं नाही. माझा हात हिच्याकडे आहे."

बाबा रडले. म्हणाले, साबणाचं पाणी आठवलं.

पण तो वहीत जाण्याआधी, सगळ्यांना दाखवून जिना चढताना, मी फोटो उलटा केला. तुझं अक्षर. अकरा नाही, तेरा महिन्यांनी.

"स्कर्ट अगदी अंगासारखा बसला. बोलायला उभी राहण्याआधी सवयीने खुर्चीचा पाय तपासला. मग एकटीच हसले. कानांमधलं अंतर साडेसहा आहे. फोनवर साहेबांचा आवाज पहिल्याच वाक्याला ओळखला होता, हसू दाबायच्या घाईत सव्वासहा सांगितलं गेलं. दुरुस्त करून घ्यावे, काडीसाहेब."

मी जिन्यातच बसले.

म्हणजे तेव्हाच ओळखलंस! चिमटा लावूनसुद्धा! मी इकडे लोळत होते, मोठी हुशार, आणि तू तिकडे पट्टी घेऊन बसली होतीस. ओळखून फोन ठेवला नाहीस. कंबर सांगितलीस, बसायची बाजू सांगितलीस, लांबी सांगितलीस, कान सांगितलेस, आणि वर साहेब म्हणालीस. अबोला तर तू तेव्हाच मोडला होतास, आणि मी मात्र आत्यापासून मीटरवाल्यापर्यंत सगळ्यांना कामाला लावून बसले!

फसवलंस, ताई. आयुष्यात पहिल्यांदा तू मला फसवलंस. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "घे, आता टाका सैल पडेल."

पडलाय. सुई हातात घेतली तर हसू थांबत नाही, सगळे अठराचे टाके येतायत. म्हणून लगेच कामाला लागले. हिरवा दोरा थोडा उरलाय.

माप दुरुस्त करून घेतले आहे: साडेसहा. टोपी विणायला घेतली आहे. शेवटचा टाका मुद्दाम घालणार नाही, नुसती पिन लावून ठेवणार आहे. तो घालायला तुम्ही स्वतः हजर राहावे, ही विनंती.

आपला,
गणवेश विभाग